सुभेदार पुन्हा तुमच्या कोठ्यात

बोरटोला, ५ फेब्रुवारी १९३८

तीर्थस्वरूप मोठेबाबा,

बैलाला दोन वर्षांपूर्वीचा खुंटा आठवतो आणि काल रात्रीचा आठवत नाही, असं का व्हावं? मला उत्तर माहीत नाही. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाले तरी माहीत नाही. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढे जे लिहीन त्यावर तुमचा थोडा तरी विश्वास बसेल.

चुन्नीलालची पोरगी आपल्याला पत्र लिहितेच कशी, असं तुम्हाला वाटलं असेल. बाबूजींनी आम्हाला शपथ घातली आहे की त्या घराशी जो बोलेल त्यानं माझं मेलेलं तोंड पाहावं. लिहिण्याबद्दल ते काही बोलले नाहीत. घरात लिहिणारं माणूस मी एकटीच, त्यामुळे त्यांच्या ते ध्यानात आलं नसावं. मी आठवण करून दिली नाही. तुमचा पिपरटोला इथून दिसतो. मोठीमाय उखळात कांडते तो आवाज आमच्या अंगणात ऐकू येतो. पण हे पत्र आधी गोंदियाला जाईल, तिथे शिक्का खाईल आणि मग नाल्यापलीकडे येईल. तोवर सुभेदार तुमच्याकडे पुन्हा पुन्हा येऊन गेलेला असेल.

त्याच्याबद्दलच लिहायचं आहे. नाल्यावरच्या बायका सांगतात, तुमचं म्हणणं असं की चुन्नीलाल रोज संध्याकाळी बैल मुद्दाम सोडतो, भावाची तणस फुकट खायला. मोठेबाबा, असं नाही. सुभेदारच्या डोक्याला मार लागला आहे.

संक्रांत झाल्यावर बाबूजी त्याला आणि भुऱ्याला छकड्याला जुंपून पळवत होते. (भुऱ्या म्हणजे वाटणीनंतर सुभेदारच्या जोडीला आम्ही आणलेला बैल.) कशासाठी पळवत होते ते मी लिहिणार नाही. बैलांच्या येत्या पटाच्या शर्यतीत सुभेदारच्या जुन्या जोडीदाराला, तुमच्या मुन्शीला, हरवण्यासाठी, असं लोक म्हणतात. भुऱ्या उजवीकडे वळला, सुभेदार सरळ गेला आणि समोर मोहाचं झाड होतं. छकडा मोडला. बाबूजी तणसीच्या ढिगात पडले. सुभेदारचं कपाळ खोडावर आपटलं, आणि तो संध्याकाळपर्यंत उठला नाही. केवलराम, आमचा सालदार, झाडापुढे नारळ फोडून आला. त्याच्या मते चूक झाडातल्या भुताची होती. बाबूजींच्या मते भुऱ्याची होती. माझं मत कुणी विचारलं नाही.

सुभेदार उठला तेव्हा चालत होता, खात होता, शेपटीने माश्या उडवत होता. आम्हाला वाटलं, वाचला. पण रात्री त्याला कोठ्याच्या दारात नेलं तर पाय रोवून उभा. आज बाजारातून आणल्यासारखा. भुऱ्याकडे बघून फुसफुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच. रोज भुऱ्या त्याला नव्याने भेटतो आणि रोज आवडत नाही. संध्याकाळी सुटला की मान वर करतो, नाला उतरतो, आणि तुमच्या कोठ्यात मुन्शीच्या शेजारी जाऊन उभा राहतो.

आमचे प्राध्यापक सांगत, मेंदूला इजा झाली की ताजी आठवण आधी जाते आणि जुनी टिकून राहते. सारवलेल्या भिंतीवर पाऊस आला तर कालचा ओला थर वाहून जातो, खालचा वाळलेला राहतो, तसं मी समजते. पुस्तकात उंदीर आहेत, माकडं आहेत. बैल नाही. तरी मला वाटतं सुभेदारचं तेच झालं आहे. वाटणीनंतरचं सगळं वाहून गेलं. त्याच्या लेखी वाटणी झालेलीच नाही.

म्हणून विनंती. त्याला काठीने हाकलू नका आणि कोंडवाड्यात देऊ नका. तो तुमच्याकडे चोरी करायला येत नाही. घरी येतो.

आपली,
शामकला


बोरटोला, २२ फेब्रुवारी १९३८

तीर्थस्वरूप मोठेबाबा, आणि टेकचंद गुरुजी, आणि पारावर बसलेली सगळी मंडळी,

तुम्ही माझं पत्र गुरुजींकडून वाचून घेता हे मला ठाऊक होतं. पारावर वाचून घेता हे ठाऊक नव्हतं. केवलराम परवा तुमच्याकडे बिडी ओढायला म्हणून आला होता (त्याला शपथ लागू नाही, तो सालदार आहे), तेव्हा निम्मा गाव पाराभोवती बसून माझं पत्र ऐकत होता. 'बाबूजी तणसीच्या ढिगात पडले' हे वाक्य गुरुजींना पुन्हा वाचावं लागलं, आणि तिसऱ्यांदा लोकांनीच म्हणून दाखवलं.

गुरुजी, तुम्ही मला ओलामाशीपासून अक्षरं शिकवलीत, तुमचे उपकार मोठे. पण केवलराम म्हणतो, मेंदूचा सगळा भाग तुम्ही गाळलात आणि त्याऐवजी 'बैल बिघडला' एवढंच वाचलंत. कृपा करून गाळू नका. अडेल ते दोनदा वाचा. लोक समजून घेतील.

आता तुमच्या उत्तराबद्दल, मोठेबाबा. तुम्ही लिहीत नाही, पण तुमचं उत्तर आलं. तुमचा गडी बैल घेऊन नाल्यात उतरला, केवलराम अलीकडून उतरला, दोघांनी एकमेकांकडे न बघता कासरा हातातून हातात दिला, आणि सुभेदार घरी आला. त्याच्या गळ्यात काळा दोरा होता. दोऱ्यात बिब्बा, आणि खाली फाटका जोडा.

मला लगेच कळलं. त्याला दृष्ट लागली असं तुम्हाला वाटलं. मोठीमायने बांधला असेल. बिब्ब्याचा मेंदूवर परिणाम होतो असं मी वाचलेलं नाही, पण तुमची माया मला समजली, आणि मला घटकाभर अंगणात जाऊन उभं राहावं लागलं.

बाबूजींना जोडाच दिसला.

"माह्या बैलाच्या गळ्यात जोडा! चपलेचा हार घालून पाठवून राहिला मले!"

आई म्हणाली, "अहो, दृष्टीचा हाय तो. मांगच्या साली तुमीच भुऱ्याच्या गळ्यात बांधला होता."

"तो माहा जोडा होता. हा त्याचा हाय!"

बाबूजींनी जोडा ओळखला होता. पोळ्याच्या दिवशी घालता तो तुमचा लाल जोडा, डाव्या पायाचा. तुमचा जोडा फाटला तरी ते ओळखतात, आणि मग म्हणतात की भाऊ आपल्याला मेला.

जोडा त्यांनी तोडून फेकून दिला. मी उचलून कोठ्याच्या मागे टांगला आहे. निरीक्षणासाठी.

आपली,
शामकला


बोरटोला, १८ मार्च १९३८

तीर्थस्वरूप मोठेबाबा आणि मंडळी,

होळी झाली. सुभेदार रोज तुमच्याकडे येतो आणि रोज परत येतो. पण मी रिकामी बसलेली नाही. घरातल्या पहिल्या पदवीधराने विद्या पेटीत ठेवून तिला वाळवी लागू देऊ नये, असं माझं मत आहे. मी प्रयोग केले.

अंगणात तीन टोपल्या उपड्या ठेवल्या. सुभेदारला दाखवून एकीखाली ढेपेचा (पेंडीचा) तुकडा ठेवला. वासाने कळू नये म्हणून तिन्ही टोपल्यांना आधी ढेप चोळून घेतली. लगेच सोडला तर सुभेदार बरोबर त्या टोपलीकडे जातो. मग मी तुकडा दाखवून त्याला थांबवून धरलं, तोवर केवलरामने एक बिडी ओढली. केवलरामची बिडी हे माझं घड्याळ आहे. बिडी संपल्यावर सोडला, तर सुभेदार एकाही टोपलीकडे गेला नाही. माझ्याकडे आला आणि माझा पदर चघळू लागला. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. भुऱ्याला मात्र दोन बिड्या झाल्या तरी टोपली आठवते. केवलराम म्हणतो, या शास्त्रात त्याला आणखी कितीही वेळ मदत करता येईल.

बाबूजी खाटेवरून बघत होते. मी सहज विचारलं, "बाबूजी, ढेप कोणत्या टोपलीखाली आहे?"

"मले कायले विचारते? मी का बैल आहो?"

आणि चुकीची टोपली दाखवली.

हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या पटात आपली जोडी जिंकली, धुरेवर बसून बाबूजींनी हाकली होती, पण थोरला म्हणून पागोटं तुमच्या डोक्याला बांधलं, ते त्यांना दिवसातून दोनदा आठवतं. त्या पागोट्यापायी घर वाटलं, वावर वाटलं, आणि एकही भाऊ जोडी सोडायला तयार होईना म्हणून जोडीही मधोमध वाटली, मुन्शी तुम्हाला, सुभेदार आम्हाला. त्या वेळी मी नागपूरला परीक्षेत होते, नाहीतर आडवी पडले असते. लहानपणी तुम्ही त्यांच्या वाटणीचं बोर खाल्लंत तेही त्यांना आठवतं. पण 'त्या घराचं नाव या घरात काढायचं नाही' असं सकाळी ठरवतात आणि दुपारी जेवताना स्वतःच तासभर तुमचं नाव काढतात. त्यांच्या डोक्याला तर काही लागलेलं नाही. तणस मऊ होती.

सुभेदार मला ओळखतो. आईलाही. बाबूजींची हाकही. आम्ही जुनी माणसं. घर तेवढं नवं आहे. कोठ्यात शिरताना तो माझ्याकडे असा बघतो की, ही ओळखीची पोरगी मला कोणाच्या घरी घेऊन चालली?

आता मुख्य गोष्ट. ही गुरुजींनी हळू वाचावी.

बाबूजी काल म्हणाले, "अक्षय तृतीयेपर्यंत पाहतो. तवरक त्याले आपलं घर कळलं त ठेवतो. नाही कळलं त व्यापाऱ्याले देतो. साऱ्या टोल्याले तमाशा झाला माहा."

तो व्यापारी कोणता, ते तुम्हाला माहीत आहे. त्याने नेलेला बैल पुन्हा कुणाच्या वावरात दिसत नाही.

मी म्हणाले, मी सुभेदारला घर शिकवीन. बाबूजी म्हणाले, "शिकव. तुह्या कालेजाचा उपयोग तरी कळू दे."

तुमच्याकडे एक मागणं आहे. सुभेदार लहानपणापासून ज्या लाकडी डोणीत खायचा, ती वाटणीत तुमच्याकडे राहिली. ती द्याल का? आमचा कोठा त्याला जुन्या कोठ्यासारखा वाटला तर कदाचित तो थांबेल. नाल्यात ठेवून द्या. बोलायची गरज नाही.

आपली,
शामकला

ता. क. — सुभेदार संध्याकाळी सुटतो कसा, असं पारावर कुणी विचारलं तर दावं जुनं झालं आहे असं सांगावं.


बोरटोला, १७ एप्रिल १९३८

तीर्थस्वरूप मोठेबाबा,

मंडळींना नमस्कार लिहायचं आज मनात नाही.

डोणी मिळाली. नाल्यात ठेवताना ती आतून घासून, तेल लावून ठेवली होती, हे मी पाहिलं. केवलरामने आणि मी ती कोठ्यात बसवली, दार उगवतीकडे केलं, तुमच्या कोठ्यात आहे तशी डावीकडे गव्हाण बांधली. त्या दिवशी संध्याकाळी सुभेदार आत आला तो सरळ डोणीपाशी. हुंगली, चाटली, पोटभर खाल्लं. मी बाबूजींना हाक मारली. ते आले, दारात उभे राहिले, आणि त्यांच्या तोंडावर मी कितीतरी दिवसांनी हसू पाहिलं.

मग सुभेदारने डोणी पुसून घ्यावी तशी एकदा जीभ फिरवली, वळला, बाबूजींच्या अंगावरून बाहेर पडला आणि नाला उतरला. पाहुणा जेवून उठतो आणि 'येतो आता' म्हणून चालू लागतो, अगदी तसा.

बाबूजी म्हणाले, "खाते माह्या घरी, निजते त्याच्या घरी. जावई हाय का हा?"

तरीही मी सोडलं नव्हतं. पण मग तुम्ही त्याला जुंपलंत.

बुधवारी, खताच्या बंडीला, मुन्शीबरोबर. गुरुजींनी नाल्यावर आईला सगळं सांगितलं, आईने मला. लाल्याच्या पायात काटा होता (लाल्या म्हणजे मुन्शीच्या जोडीला तुम्ही घेतलेला), म्हणून तुम्ही मुन्शीला एकट्यालाच बाहेर काढलंत, तर सुभेदार आपणहून त्याच्या डावीकडे येऊन उभा राहिला आणि जू उचलायच्या आधीच मान खाली घातली. बंडी भरली, चालली, आणि जुन्या वावराच्या वळणावर कुणी काही न म्हणता दोघं एकदम वळले. गुरुजी म्हणाले, यादोराव, म्हणजे तुम्ही, तोंड फिरवून पागोट्याच्या शेवाने डोळे पुसत होता, धुळीमुळे. एप्रिल आहे, धूळ असते.

मोठेबाबा, शास्त्राच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. आजची ढेप कुठे ठेवली ते त्याला आठवत नाही, पण जोडीदार कोणत्या बाजूला चालतो हे खांद्याला आठवतं. मी ते वहीत लिहून घेतलं. मग बाबूजींना कळलं.

"माह्या बैलावर त्यानं खत वाहिलं! माह्या!"

आई भाकर थापत होती. ती म्हणाली, "तुमच्याकडे नुसता खाते. तिकडे निदान काम करून राहिला."

त्यानंतर घरात जे बोलणं झालं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, आणि पारावर वाचण्यासारखं तर नाहीच. शेवटी ठरलं ते असं: अक्षय तृतीयेला आजोबांच्या नावाने पान वाढायचं, त्या दिवशी घरातून जनावर बाहेर काढायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी येईल.

मी हात जोडून म्हणाले, बाबूजी, सुभेदार मोठेबाबांना देऊन टाका. ते म्हणाले, "फुकट देणार नाही. अना विकत त त्याले बिलकूल नाही."

मग केवलरामला मी तुमच्याकडे पाठवलं, की तुम्ही ठेवून घ्याल का. त्याने आणलेलं उत्तर असं: "फुकटचा घेणार नाही. अना विकत त त्याच्यापासून बिलकूल नाही."

केवलराम म्हणाला, "बाई, दोघायच्या तोंडून एकच बात निघाली. मी उगाच नाला ओलांडला."

माझी विद्या संपली. पुस्तकात याच्या पुढचं पान नाही. सुभेदारला नवं घर शिकवता येत नाही, आणि तुम्हा दोघांनाही काही नवं शिकवता येत नाही. निदान सुभेदारकडे कारण आहे.

तो आत्ता माझ्या मागे उभा आहे, दावं चघळतो आहे. सुटायची वेळ झाली.

शामकला


बोरटोला, ४ मे १९३८

बाबूजी आणि मोठेबाबा,

या पत्राच्या दोन प्रती केल्या आहेत. एक गुरुजी पारावर वाचतील. दुसरी, बाबूजी, मीच तुम्हाला वाचून दाखवते आहे, म्हणून ऐकताना माझ्याकडे असं बघू नका. समोर उभं राहून सांगायला मला धीर होत नाही. वाचायला होतो. रागवायचं असेल तर शेवटापर्यंत थांबा.

अक्षय तृतीयेला दोन्ही घरांत आजोबांचं पान वाढलं होतं. एकाच माणसासाठी दोन घरी एकाच वेळी पुरणपोळी. तुम्ही दोघं आपापल्या घरी डोळे मिटून, हात जोडून बसला होता. आता आजोबा कोणत्या घरी जेवतील, असा विचार माझ्या मनात आला, आणि त्याच वेळी मला बैलांची गोष्ट कळली. इतके दिवस टोपल्या मांडून जी कळली नव्हती ती.

सुभेदार डाव्या खांद्याचा, मुन्शी उजव्या. जोडी फोडल्यावर बाबूजींनी उजव्या बाजूसाठी भुऱ्या आणला आणि मोठेबाबांनी डाव्या बाजूसाठी लाल्या. म्हणजे तुम्ही दोघांनी भांडता भांडता आणखी एक जोडी पुरी केली, आणि तीही मधोमध वाटून घेतली!

फुकट नाही, विकत नाही. बदल्यात बैल.

विचारलं असतं तर दोघांनी एकच उत्तर दिलं असतं, ते मला पाठ आहे. म्हणून विचारलं नाही.

मी सुभेदारचं दावं सोडलं. (रोज मीच सोडत होते. बाबूजी, दावं जुनं नव्हतं. तो दारातून नाल्याकडे बघत उभा राहायचा, ते मला बघवत नव्हतं.) जनावर त्या दिवशी घराबाहेर काढायचं नाही, हे मला माहीत होतं. पण तो घराबाहेर जात नव्हता, घरी जात होता, आणि आजोबा मला रागावले असतील असं वाटत नाही. केवलराम म्हणाला, "बाई, हे चोरी होईल."

"होईल."

"मंग मी येत नाही." आणि माझ्या मागे आला.

पिपरटोल्यात सुभेदार आपल्या जागी उभा राहिला, मुन्शीने त्याचा कान चाटला, आणि मी लाल्याचा कासरा सोडत होते, तेवढ्यात मोठीमाय हातात द्रोण घेऊन दारात आली. दोन वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो.

"का करून राहिली वो, शामकला?"

"चोरी, मोठीमाय."

"कोणाची?"

"दोघांचीही."

तिने लाल्याकडे पाहिलं, सुभेदारकडे पाहिलं, खुंट्याकडे पाहिलं. ती माझ्याइतकी शिकलेली नाही, तिला विचार करायला वेळ लागला नाही.

"मंग जेवून जाय. बापाची शपथ बोलायची हाय, जेवायची नाही."

पण तू आत्ताच बोललीस की, असंही ती म्हणाली नाही. बाबूजी, माझ्याकडून तुमची शपथ मोडली आहे. तुमची तब्येत चांगली दिसते आहे.

मी जेवत असताना मोठेबाबा बाहेर आले. तुम्हीही आमच्याशी न बोलण्याची आण घेतली होती, मोठेबाबा, आणि तुम्ही ती पाळलीत. माझ्याकडे बघितलंही नाही. सुभेदारजवळ गेलात, त्याच्या कपाळावरची खूण चाचपून पाहिलीत, आणि त्याला म्हणालात:

"सुभेदार, तुह्या त्या पोरीले सांग, लाल्याले डावीकडेच जुंपजा म्हणा. अना पायातला काटा निघाला, पण खडकावरून नेऊ नका म्हणा."

सुभेदारने सांगितलं नाही. त्याच्या लक्षात राहिलं नसतं. मी ऐकलं.

लाल्या आमच्या कोठ्यात आला तेव्हा भुऱ्याने आणि त्याने आधी शिंगं भिडवली. मग डोणीत दोन्ही तोंडं एकदम घातली. बाबूजी, काल रात्री अंधारात तुम्ही पाणी दाखवायला गेलात आणि पाठीवर थाप मारून 'सुभेदार, आज बरा थांबला रे' म्हणालात. तो लाल्या होता. मला सांगायचा धीर झाला नाही.

आता तुम्ही खाटेवरून उठाल. उठू नका, थोडंच राहिलं आहे.

मी न्याय केला आहे असं म्हणत नाही. मोठेबाबांना डोकं बिघडलेला बैल मिळाला, जो उद्या त्यांना विचारेल की लाल्या कोण. बाबूजींना पटाची जोडी मिळाली नाही. दोघांचंही सारखं नुकसान झालं आहे, आणि तुम्हा दोघांना दुसरी कोणतीच वाटणी आजवर पटलेली नाही.

व्यापारी सकाळी आला होता, बाबूजी, तुम्ही मुर्रीला गेला होता तेव्हा. सुभेदार इथे राहत नाही, असं मी त्याला सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. मी कोठा दाखवला. बघून तो निघून गेला.

त्यानंतर केवलरामने लाल्या डावीकडे आणि भुऱ्या उजवीकडे जुंपला. नाल्याच्या काठाने खडक टाळून मी पुढे कासरा धरून चालले. खताची पहिली बंडी आपल्या वरच्या धानाच्या बांधीत रिकामी झाली आहे.

तुम्हा दोघांची,
शामकला